वोक्ल्यूज आणि मोंत्रियो: दोन भावांचे दोन एकांत

1343 साली पस्तिशीतला गेरार्दो दक्षिण फ्रान्समधल्या मोंत्रियोच्या कार्थुझियन मठात दाखल झाला आणि मग तो तिथलाच झाला. त्याचा थोरला भाऊ फ्रांचेस्को म्हणजे कवी पेत्रार्क. या थोरल्याच्या डोक्यावर दोनच वर्षांपूर्वी, 8 एप्रिल 1341 रोजी, रोमच्या कॅपिटोल टेकडीवर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढला होता. धाकट्याने जग सोडलं त्याच वर्षी थोरल्याला मुलगी झाली. सहा वर्षांपूर्वी मुलगा झाला होता. लग्न त्याने कधीच केलं नाही. चर्चची खालच्या पायरीची दीक्षा घेतलेली असल्यामुळे ते करणं सोयीचंही नव्हतं.

पुढच्या चार वर्षांत पेत्रार्कने लॅटिनमध्ये दोन ग्रंथ हातावेगळे केले, आणि दोन्हींचा विषय जगापासून दूर जाणं हाच होता. ‘दे व्हिता सोलितारिया’ म्हणजे एकांतातल्या जगण्याविषयी, हा 1346 मध्ये ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासकाळात लिहिलेला. ‘दे ओतिओ रेलिजिओसो’ म्हणजे मठवासीयांच्या निवांतपणाविषयी, हा पुढच्या वर्षीच्या लेंटमधला. प्रबोधनकाळातल्या मानवतावाद्यांनी, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन ग्रंथांच्या उपासकांनी, वैराग्याच्या जुन्या आदर्शाचं काय केलं, हे पाहायला या दोन भावांइतकं सोयीचं प्रकरण मला दुसरं सापडत नाही. आईबाप तेच, बालपण तेच, तारुण्यातली उधळपट्टीही तीच. मग वाटा फुटल्या. अडचण एकच. गेरार्दोबद्दल आपल्याला जे कळतं ते जवळजवळ सगळं थोरल्या भावाच्या लेखणीतून कळतं, आणि ती लेखणी स्वतःचं चित्र रंगवण्यात फार कुशल होती. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आव्हिन्यों

वडील सेर पेत्राको फ्लॉरेन्सचे नोटरी. 1302 मध्ये राजकीय भांडणात हद्दपार झाले. फ्रांचेस्कोचा जन्म त्यामुळे 1304 साली आरेत्सोत झाला, गेरार्दोचा 1307 मध्ये. 1312 च्या सुमारास कुटुंब आव्हिन्योंकडे आलं, कारण पोपचा दरबार तिथे हलला होता आणि लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला तिथे काम होतं. थोरल्याला कायदा शिकायला मोंपेलिए आणि मग बोलोन्याला धाडलं. 1326 मध्ये वडील गेले आणि कायद्याची पुस्तकं मिटली ती कायमची.

पुढची काही वर्षं दोघे भाऊ आव्हिन्योंमध्ये नटूनथटून हिंडले. गेरार्दो मठात स्थिरावल्यावर पेत्रार्कने त्याला लिहिलेल्या एका पत्रात या दिवसांची आठवण आहे. केस कुरळे करायच्या तापलेल्या सळ्यांचे कपाळावर उठलेले चटके, पायाची हाडं चेपणारे अरुंद जोडे, वाऱ्याच्या झुळकीने भांग विस्कटेल ही धास्ती, रस्त्यातल्या घोड्याने उडवलेल्या चिखलाने कपड्यांची घडी बिघडेल ही दुसरी धास्ती. मठातल्या संन्याशाला हे लिहिण्यात उपदेश होताच. पण मला त्यात थोडी मौजही दिसते. असली आठवण माणूस ज्याच्याबरोबर चटके खाल्ले त्यालाच काढून देतो.

1330 पासून पेत्रार्क कार्डिनल जोव्हान्नी कोलोन्नाच्या पदरी होता. 1335 मध्ये लोम्बेझच्या चर्चचं एक पद मिळालं. तिथे राहायची सक्ती नाही, उत्पन्न मात्र सुरू. पुढे पिसाजवळ, पार्मात, पादुआत अशी आणखी वतनं जमत गेली. ज्या पदाबरोबर लोकांच्या आत्म्यांची जबाबदारी गळ्यात पडते, म्हणजे बिशपपद वगैरे, ते त्याने कधी घेतलं नाही. पोपचं सचिवपदही एकदा नव्हे, अनेकदा टाळलं. एका प्रसंगी त्याची शैली फार उंच आहे, जरा खाली आणा, असं सुचवण्यात आलं. तेव्हा चाचणीचा मजकूर त्याने मुद्दाम आणखी उंच शैलीत लिहिला आणि सुटका करून घेतली. एकांताच्या चर्चेत हा हिशेब सहसा कोणी काढत नाही. माझ्या मते तो आधी काढायला हवा. ज्या निवांतपणाचं कौतुक पुढे दोन ग्रंथभर चालतं, त्याचा खर्च या वतनांतून निघत होता.

बंद दरीतलं घर

आव्हिन्योंच्या पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवर वोक्ल्यूजची दरी आहे. नावाचाच अर्थ बंद दरी. उभ्या कड्याच्या पायथ्याशी एका खोल विवरातून सॉर्ग नदी थेट भरल्या अंगाने बाहेर पडते. त्या झऱ्याची खोली 300 मीटरहून अधिक असल्याचं विसाव्या शतकात मोजलं गेलं. पेत्रार्कने ही जागा लहानपणी सहलीत पाहिली होती आणि मोठमोठ्या शहरांपेक्षा मला हीच हवी असं तेव्हाच ठरवलं होतं, असं तो म्हातारपणी सांगतो. 1337 मध्ये त्याने तिथे एक छोटं घर घेतलं. मधल्या इटलीतल्या फेऱ्या धरून 1353 पर्यंत तो तिथे येत-जात, राहत होता. आपण जे जे लिहिलं ते इथे पूर्ण झालं, इथे सुरू झालं किंवा इथे सुचलं, असं पुढच्या पिढ्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो.

1352 मधल्या एका पत्रात तिथल्या दिनक्रमाचं वर्णन आहे. कानावर गुरांचं हंबरणं, मेंढ्यांची बेंबें, पाखरं आणि पाणी. पहाटेपासून रात्रीपर्यंत तोंडातून शब्द नाही, कारण बोलायला कोणी नाही. खायला द्राक्षं, अंजीर, बदाम, अक्रोड आणि नदीतले छोटे मासे. कपडे शेतकऱ्याचे. दोन बागा, एक सावलीची, अभ्यासाला, दुसरी द्राक्षवेलींची. नदीकाठच्या जमिनीवरून जलदेवतांशी आपलं युद्ध चालू असल्याची थट्टाही त्याच्या पद्यपत्रांत आहे. पुरात बाग वाहून जायची, हा ती पुन्हा उभारायचा.

त्याच पत्रात घर सांभाळणाऱ्या शेतकऱ्याची बायको येते. चेहरा लिबियाच्या वाळवंटासारखा करपलेला. भर उन्हात, रातकिडे ओरडत असताना, ती शेतात राबते. तिचा नवरा रेमों मोने. 1353 च्या जानेवारीत तो वारला तेव्हा पेत्रार्कने आव्हिन्योंमधल्या कार्डिनलांना पत्र लिहून, इतक्या वर्षांचा राखणदार गेला आता मला जाऊ द्या, अशी परवानगी मागितली. मोनेला अक्षरओळख नव्हती. तरी कुठलं पुस्तक कुठे आहे ते त्याला ठाऊक असायचं. धन्याने पुस्तक दिलं की तो ते छातीशी धरायचा, लेखकाशी हळू आवाजात बोलायचा. नुसत्या हाताळण्याने आपण शहाणे होतो असं त्याला वाटायचं, असं पेत्रार्क लिहितो. पत्र मायेने लिहिलेलं आहे यात शंका नाही. पण ‘बोलायला कोणी नाही’ या वाक्यात मोने आणि त्याची बायको मोजलेली नाहीत, हेही त्याच पत्रव्यवहारातून दिसतं. मठातही कामकरी बंधूंच्या श्रमावर कोठडीतल्या संन्याशाचा एकांत उभा असायचा. पण तिथे त्या श्रमाला नियमात जागा होती, दर्जा ठरलेला होता. वोक्ल्यूजमध्ये तो फक्त गृहीत होता.

ग्रंथातला एकांत

‘दे व्हिता सोलितारिया’चा पहिला भाग दोन माणसांचा एक दिवस समोरासमोर मांडतो. शहरातला धावपळ करणारा माणूस अर्ध्या रात्री दचकून उठतो, स्वतःच्या काळजीने नाहीतर अशिलांच्या ओरडण्याने. दिवस फसवाफसवीत जातो. जेवायला बसला तर भोवती खुशमस्करे, ताटात दूरदूरच्या प्रदेशांतून आणलेले पदार्थ आणि पोटात अपचन. एकांतवासी पुरेशा झोपेनंतर आपणहून उठतो, प्रार्थना म्हणतो, झाडाखाली वाचत बसतो, साधं जेवतो. चित्र इतकं एकतर्फी आहे की व्यंगचित्रच म्हणावं. पण वाचायला बहारदार आहे. आव्हिन्योंच्या दरबारात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसानेच ते लिहावं.

या एकांतवाशाच्या दिवसात उपास, केसाळ कापडाचा झगा, शरीराला छळणं यांना फारसं स्थान नाही. जुन्या वाळवंटातल्या तपस्व्यांचं कौतुक आहे. अनुकरणाचा आग्रह नाही. दुसऱ्या भागात आदमपासून सुरू होणारी एकांतवाशांची लांबच लांब रांग आहे: मोशे, एलिया, बाप्तिस्मा देणारा योहान, अँथनी, जेरोम, बेनेडिक्ट, फ्रान्सिस. त्यांच्यामागोमाग कवी, तत्त्वज्ञ, सेनापतीसुद्धा. सेंट अँथनी आणि रोमन सेनापती स्किपिओ एकाच ओळीत! निवांत असताना मी सर्वांत कमी निवांत असतो आणि एकटा असताना सर्वांत कमी एकटा, हे स्किपिओचं म्हणणं रोमन वक्ता आणि तत्त्वज्ञ सिसेरो याने नोंदवून ठेवलेलं. पेत्रार्कला ते फार प्रिय.

या रांगेत भारतातले ब्राह्मणही आहेत. सिकंदराला सोन्याची मातबरी न वाटू देणारे हे नग्न तपस्वी पेत्रार्कपर्यंत पोचले ते संत अँब्रोझच्या नावावर खपणाऱ्या एका जुन्या लॅटिन लेखामुळे. संपत्तीची त्यांना पर्वा नाही, हे त्याला भावतं. त्यांचं नागडं राहणं मात्र पटत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे पान वाचताना गंमत वाटेल. भारत त्याने पाहिलेला नाही, माहिती सगळी तिसऱ्या हाताची. पण आपल्याला किती वैराग्य झेपेल याची रेघ तो त्यांच्या निमित्ताने नेमकी आखून घेतो.

त्याहून धीट पान पोप सेलेस्टीन पाचव्याचं आहे. डोंगरातला हा म्हातारा तपस्वी 1294 मध्ये पोप झाला आणि त्याच वर्षीच्या 13 डिसेंबरला पद सोडून मोकळा झाला. दांतेने नरकाच्या दाराशी भेकडपणाने ‘मोठा नकार’ देणारी एक सावली उभी केली आहे. जुन्या टीकाकारांपैकी बहुतेकांनी तिला सेलेस्टीन म्हणून ओळखलं. पेत्रार्क हाच राजीनामा उंच, मुक्त मनाची कृती म्हणून गौरवतो. दांतेच्या पिढीने ज्याला कर्तव्यच्युती मानलं त्याला पुढच्या पिढीतला कवी स्वातंत्र्य म्हणतो, एवढा फरक पाव-अर्ध्या शतकात पडला.

सिसेरोची गोष्ट गुंतागुंतीची. 1345 मध्ये व्हेरोनात पेत्रार्कला सिसेरोची अॅटिकस या मित्राला लिहिलेली पत्रं सापडली आणि त्याचा विरस झाला. आपला आदर्श तत्त्वज्ञ सत्तेच्या राजकारणात शेवटपर्यंत लडबडलेला होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याने तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच खरमरीत पत्र लिहिलं. एकांतावरचा ग्रंथ त्यानंतर वर्षभरात लिहिला गेला. त्यात सिसेरो येतो तो एकांत नकोसा असलेला माणूस म्हणून. पण सक्तीने वाट्याला आलेल्या त्या एकांतातच त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ झाले, हे पेत्रार्क आवर्जून दाखवतो.

इथे ग्रंथाचा कणा सापडतो. पुस्तकांशिवायचा एकांत म्हणजे हद्दपारी, तुरुंग, छळाचा खोडा. पुस्तकं आणा, की तोच मायदेश होतो, मोकळीक होते, आनंद होतो, असं पेत्रार्क म्हणतो. मूळ कल्पना रोमन तत्त्वज्ञ सेनेकाची, पण तिचा इथला वापर नवा आहे. मठाच्या परंपरेत वाचन हे एकांताचं एक साधन होतं. इथे एकांत वाचनाचं साधन झाला. मित्रांनाही मज्जाव नाही. ज्या एकांताला मित्र चालत नाही तो त्याला नकोच आहे. ग्रंथ ज्याला अर्पण केला तो काव्हायोंचा बिशप फिलिप द काबासोल शेजारीच होता. वोक्ल्यूजच्या वरचा गढीवजा वाडा बिशपचाच. पण सुधारणा, भर, पुन्हा सुधारणा करत पेत्रार्कने त्याला प्रत धाडली ती वीस वर्षांनी, 1366 मध्ये.

मोंत्रियो

कार्थुझियन पंथ 1084 मध्ये कोलोनच्या ब्रूनोने ग्रेनोब्लजवळच्या डोंगरात सुरू केला. प्रत्येक संन्याशाचं वेगळं घरकुल आणि मागे बागेचा तुकडा. जेवण खिडकीतून आत सरकवलेलं. मांस नाही. रात्रीच्या प्रार्थनेला एकत्र, एरवी बहुतेक वेळ एकटं. हे लोक पुस्तकांना परके नव्हते. बाराव्या शतकातल्या त्यांच्या नियमावलीत ग्रंथांच्या नकला करण्याला मोठं स्थान आहे: तोंडाने उपदेश करता येत नाही, तर हातांनी करावा. म्हणून या दोन भावांमधला फरक ‘एकाकडे देव, दुसऱ्याकडे पुस्तकं’ असा मांडणं मला उथळ वाटतं. पुस्तकं दोन्हीकडे होती, प्रार्थनाही. मध्यरात्री उठून प्रार्थना म्हणतो, असं पेत्रार्कने पुढे गेरार्दोला कळवलंही आहे. फरक व्रताचा होता. वोक्ल्यूजच्या दाराची किल्ली पेत्रार्कच्या खिशात राहिली. मोंत्रियोच्या दाराची गेरार्दोने देऊन टाकली.

पेत्रार्कला हे पुरतं कळत होतं. 1347 च्या सुरुवातीला तो मठात जेमतेम एक दिवस आणि एक रात्र राहिला. वेळ इतका भुर्रकन गेला की सांगायचं राहिलं, ऐकायचं राहिलं. म्हणून तिथल्या संन्याशांसाठी त्याने ‘दे ओतिओ रेलिजिओसो’ लिहिला. आधार स्तोत्रातल्या एका ओळीचा: थांबा, आणि पाहा. मठाबाहेरचा माणूस मठातल्या माणसांना मठाचं माहात्म्य सांगतो आहे, हा अवघडलेपणा त्यात जागोजाग जाणवतो. ग्रंथ म्हणून तो पहिल्याइतका जिवंत नाही, उपदेश लांबतो. पण धर्मग्रंथांकडे आपण फार उशिरा वळलो, ही कबुली त्यातच आहे.

यापेक्षा स्पष्ट साक्ष त्याच काळातल्या पहिल्या गोपगीताची. सिल्व्हिउस आणि मोनिकुस हे दोन मेंढपाळ. मोनिकुस गुहेत शांत बसलेला, सिल्व्हिउस डोंगर पालथे घालून दमलेला. आत ये, दाविदाची स्तोत्रं ऐक, असं मोनिकुस बोलावतो. सिल्व्हिउसला होमर आणि व्हर्जिलचे सूर हवे असतात. शेवटी तो स्किपिओवरचं आपलं गाणं पुरं करायला निघून जातो. म्हणजे ‘आफ्रिका’ हे महाकाव्य, जे आयुष्यभर पुरं झालं नाही. कोण कोण आहे ते पेत्रार्कने गेरार्दोला पत्रातून उलगडून सांगितलं. नकार काव्यात आणि त्याची फोड गद्यात, दोन्ही भावाच्याच पत्त्यावर.

मों व्हांतूच्या चढाईचं प्रसिद्ध पत्रही याच संदर्भात वाचावं. 26 एप्रिल 1336 ही त्यावरची तारीख. सुमारे 1900 मीटर उंचीच्या डोंगरावर गेरार्दो कड्यावरून थेट चढतो. थोरला सोपी वाट शोधत दरीत भरकटतो आणि दमतो. माथ्यावर संत ऑगस्टीनचं आत्मकथन ‘कन्फेशन्स’ उघडतो तर ओळ निघते ती डोंगर-समुद्र पाहून थक्क होणाऱ्या आणि स्वतःला विसरणाऱ्या माणसांची. हे पत्र आज ज्या रूपात आहे ते बऱ्याच वर्षांनी, 1353 च्या आसपास, लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर थेट वाटेने चढणारा भाऊ लिहिताना आधीच मठात होता, आणि आडवाटांची ती कथा चढाईपेक्षा या प्रकरणाविषयी जास्त सांगते.

परीक्षा

1348 च्या प्लेगने दोन्ही एकांतांची परीक्षा घेतली. 1347 च्या नोव्हेंबरमध्येच पेत्रार्क वोक्ल्यूज सोडून इटलीकडे निघाला होता. रोममध्ये कोला दि रिएन्झोने प्रजासत्ताकाचा झेंडा उभारला होता, आणि एकांताचा गुणगौरव करणारा कवी त्याला स्फूर्तिपर पत्रं लिहित होता. वाटेतच कोलाच्या कारभाराची घसरण कळली. मग प्लेग आला. जिच्यावर त्याने प्रेमकविता लिहिल्या ती लॉरा गेली, कार्डिनल कोलोन्ना गेला.

मोंत्रियोतली हकीकत पेत्रार्कला काही वर्षांनी कळली आणि त्याने ती गेरार्दोलाच पत्रातून पुन्हा सांगितली. मठाच्या प्रमुखाने पळून जायचा सल्ला दिला. गेरार्दोने, ख्रिस्ताने नेमून दिलेली जागा सोडणार नाही, म्हणून सांगितलं. प्रमुख पळाला आणि आपल्या गावी जाऊन मेला. मठात चौतीस जण मेले. त्यांची शुश्रूषा गेरार्दोने केली, प्रेतं धुतली, पुरली. शेवटी तो आणि एक कुत्रा उरले. रात्री चोरांपासून मठ राखला, आणि मग मुख्य मठात जाऊन नवा प्रमुख आणि नवे संन्यासी मिळवून आणले. ‘दे व्हिता सोलितारिया’मधल्या कुठल्याही पानावर एकांत असा दिसत नाही. त्या ग्रंथातला एकांतवासी माणसांपासून दूर असतो म्हणून शांत असतो. गेरार्दो माणसं सोडता येत नव्हती म्हणून एकटा पडला.

1353 मध्ये पेत्रार्कने वोक्ल्यूज सोडलं आणि तो मिलानला तिथला सत्ताधीश आर्चबिशप जोव्हान्नी व्हिस्कॉन्ती याच्या छत्राखाली गेला. फ्लॉरेन्सच्या मित्रांना धक्का बसला, कारण व्हिस्कॉन्ती फ्लॉरेन्सचे वैरी. त्यांच्यापैकीच एक, ‘डेकॅमेरॉन’कार बोकाच्चो, याने मेंढपाळांच्या रूपकाआड दडून जळजळीत पत्र लिहिलं: दारिद्र्य आणि एकांत यांची गाणी गाणारा सिल्व्हानुस (म्हणजे पेत्रार्क) आता जुलमी सत्ताधीशाच्या दाराशी! पेत्रार्कचं म्हणणं असं की मिलानमध्ये संत अँब्रोझच्या चर्चजवळ शहराच्या कडेला आपल्याला पुरेसा एकांत आहे. तो आठ वर्षं राहिला, अधूनमधून व्हिस्कॉन्तींचा राजदूत म्हणून व्हेनिस, प्राग, पॅरिस करून आला. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही, कारण आरोपपत्र त्याने स्वतःच आधी लिहून ठेवलं होतं. ‘सेक्रेतुम’ या संवादात ऑगस्टीन त्याला तीन दिवस फैलावर घेतो, तिसऱ्या दिवशी प्रेम आणि कीर्ती या दोन साखळ्यांबद्दल, आणि शेवटी फ्रांचेस्को सांगतो की सरळ वाट कोणती ते कळतं, पण हातातलं लेखन आवरत नाही.

या भूमिकेचा कस 1362 मध्ये लागला. सिएनातला एक कार्थुझियन संन्यासी मरताना म्हणाला होता की बोकाच्चोचे दिवस थोडे उरलेत, त्याने काव्य सोडावं. निरोप पोचताच बोकाच्चो घाबरला. लिहिणं थांबवून ग्रंथसंग्रह विकायला निघाला. पेत्रार्कचं उत्तर 28 मे 1362 चं. मरणाची आठवण करून द्यायला भविष्यवाणी कशाला हवी, असं तो विचारतो. अक्षरशत्रू माणसं संतपदाला पोचली हे खरं, पण विद्येमुळे कोणाला ते दार बंद झालं नाही. आणि विकायचीच असतील तर पुस्तकं मीच घेतो. बोकाच्चोने पुस्तकं ठेवली. भाऊ ज्या पंथात आहे त्याच पंथाच्या संन्याशाचा हा निरोप पेत्रार्कने इतक्या शांतपणे बाजूला सारला, हे मला त्याच्या दोन ग्रंथांपेक्षा बोलकं वाटतं. 1370 च्या मृत्युपत्रात त्याने बोकाच्चोला हिवाळ्यातल्या रात्रींच्या अभ्यासासाठी उबदार झगा घ्यायला पन्नास फ्लोरिन ठेवले.

नंतर

पुढच्या पिढीत फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारी पत्रव्यवहाराचा प्रमुख, कोलुच्चो सालुताती याने 1381 मध्ये मठाचं आणि जगत्यागाचं कडक समर्थन करणारा ग्रंथ लिहिला, सान्ता मारिया देल्यी आंजेली मठातल्या कामाल्दोलीझ या एकांतप्रिय पंथाच्या एका संन्याशासाठी. स्वतः तो मुलाबाळांचा धनी होता आणि 1375 पासून 1406 मध्ये मरेपर्यंत कचेरीतच राहिला. 1398 मध्ये बोलोन्याचा चॅन्सेलर पेलेग्रिनो झांबेक्कारी संन्यासाची भाषा बोलू लागला, तेव्हा सालुतातीने त्याला बजावलं की गर्दीतून पळालास म्हणजे देवाजवळ गेलास असं नाही. तू पळूनही स्वर्गातून जमिनीवर पडशील, आणि मी जमिनीवर राहून मन वर उचलू शकेन. सतरा वर्षांत दोन टोकं गाठली म्हणून त्याला बदललेला म्हणायचं, की ज्याला जे हवं त्याला ते लिहिलं म्हणायचं, यावर अभ्यासक अजून भांडतात. मी दुसऱ्या बाजूचा.

त्याच आंजेली मठात 1400 साली आंब्रोजो त्राव्हेर्सारी नावाचा पोरगा दाखल झाला. मठात राहून तो ग्रीक शिकला, आणि फ्लॉरेन्सचे विद्वान त्याच्याकडे येऊ लागले. तत्त्वज्ञांची चरित्रं सांगणाऱ्या डायोजिनिस लार्शियसच्या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर त्यानेच केलं. व्रत, कोठडी आणि पुस्तकं, सगळं एका ठिकाणी जमलं. मग 1431 मध्ये त्याला पंथाचा मुख्य अधिकारी नेमण्यात आलं, आणि त्याची त्यानंतरची वर्षं मठामठांची तपासणी करत इटलीभर हिंडण्यात गेली. त्या प्रवासांची त्याने लिहिलेली हकीकत उपलब्ध आहे.